‘तुंबाड’: कथेतली आजी आणि पडद्यावरचा हस्तर

रसिकहो, साहित्यकृतीवरून भयपट करताना काय हाती लागते आणि काय निसटते, याचा विचार मी आज एकाच चित्रपटाच्या आधारे मांडणार आहे. राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. भाषा हिंदी असली तरी त्याची मुळे मराठी वाचकाच्या ओळखीची आहेत. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून आले, आणि भयाचे बीज नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेतून. धारपांची ही कथाही अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’ या कथेवर बेतलेली. म्हणजे पडद्यावर येईपर्यंत ही गोष्ट दोन भाषांतून आणि दोन घरांतून फिरून आली आहे.

इतक्या प्रवासात टिकून राहिला तो एकच प्रसंग: भावाला दुखापत झाल्यामुळे आई घराबाहेर आहे आणि एक लहान मुलगा भयंकर म्हातारीबरोबर घरात एकटा उरला आहे. चित्रपटाच्या १९१८ सालात घडणाऱ्या पहिल्या भागात हा प्रसंग फार समजून वापरला आहे. साखळदंडाने बांधलेल्या म्हातारीला वेळेवर खाऊ घालायचे, एवढेच काम विनायक या मुलावर आहे. दार उघडणे, ताट आत नेणे, पावसाचा आवाज आणि आतून येणारी धाप यांतूनच भीती चढत जाते. खजिन्याचा राक्षस, म्हणजे हस्तर, अजून कुठेही दिसलेला नसतो. साध्या, माणसांनी भरलेल्या घरातून भीती उपसून काढण्याची धारपांची जी हातोटी होती, तिच्या सर्वांत जवळ हा चित्रपट इथे पोहोचतो.

यापुढे पटकथेने जे केले, त्याला मी या रूपांतराचे खरे कर्तृत्व मानतो. किंगच्या कथेत म्हातारीची शक्ती मुलाला गिळून टाकते. मूल बळी ठरते. इथे मूल वाचते, मोठे होते आणि अनेक वर्षांनी स्वतःच्या पायांनी त्याच म्हातारीकडे परत येते. तिच्या देहातून झाड उगवले आहे, तरी ती जिवंत आहे. लहानपणी जिच्यापुढे तो थरथरत होता, तिच्याशी तो आता सौदा करतो: तिने खजिन्याचा मार्ग सांगायचा आणि त्याने तिला जाळून सोडवायचे. मागणारा माणूस आणि शापित प्राणी यांच्यातले अंतर त्या क्षणी इतके कमी होते, की पुढे हस्तर दिसला नसता तरी चालले असते, असे मला वाटते.

पण हस्तर दिसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तो आधीच समजावून सांगितला जातो. चित्रपट गांधीजींच्या नावावर असलेल्या लोभाविषयीच्या वचनाने उघडतो. पाठोपाठ समृद्धीची देवी, तिचा पहिला पुत्र हस्तर, त्याची सोन्याची आणि धान्याची हाव, ही सगळी कथा निवेदनातून सांगून टाकली जाते. त्यामुळे म्हातारीच्या खोलीत विनायकला ठाऊक नसलेले पुष्कळ काही आपल्याला आधीच ठाऊक असते. बंद खोलीच्या कथेत मुलाबरोबर वाचकालाही हळूहळू उलगडा व्हावा लागतो, आणि इथे तो अवसरच हिरावला जातो. हे निवेदन तसेच वचन काढून चित्रपट पाहिला, तर त्याचे काहीही बिघडत नाही, हे आपण स्वतः करून पाहावे.

छायालेखनाबद्दल फार बोलण्याची गरज नाही. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणाला, तसेच चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाला आणि ध्वनिरचनेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाले, आणि ते सर्वस्वी योग्यच होते. अनेक पावसाळ्यांत चित्रीकरण केल्याचा गुण प्रत्येक चौकटीत दिसतो. कोकणातला पाऊस इथे शोभेसाठी येत नाही, तो भिंती कुजवतो आणि माणसांची मने ओली ठेवतो.

तिसऱ्या भागात, १९४७ साली, विनायक आणि त्याचा मुलगा पांडुरंग हस्तराला भुलवायच्या पिठाच्या एका बाहुलीऐवजी अनेक बाहुल्या घेऊन देवीच्या गर्भात, म्हणजे खजिन्याच्या जागी, उतरतात आणि तितकेच हस्तर प्रकट होतात. लोभ वाढला की संकटही तितकेच वाढावे, हा तर्क अचूक आहे, पण भीती मात्र पातळ होते. एकटा हस्तर अंधारात जितका जड वाटतो, तितके त्याचे कळप वाटत नाहीत. त्यानंतरचा शेवट मात्र तो दोष भरून काढतो. शापाने विद्रूप झालेला बाप मुलापुढे सोन्याच्या मोहरांनी भरलेली हस्तराची लंगोट धरतो, आणि मुलगा ती नाकारून बापाला जाळतो. एकटे मूल आणि मरू न शकणारे वडीलधारे माणूस, ही ‘आजी’तलीच मांडणी इथे पुन्हा येते, म्हातारीच्या जागी बाप उभा करून. पांडुरंगाची भूमिका करणारा मोहम्मद समद हाच रंगभूषेखाली ती म्हातारीही झाला आहे, हे कळल्यावर तर या दोन टोकांमधला धागा आणखी घट्ट वाटतो.

एक उणीव मात्र मला शेवटपर्यंत सलते. पहिल्या भागातली आई, गावच्या जमीनदार सरकारांच्या वाड्यावर राबणारी विधवा, ही पुरी व्यक्ती आहे: तिची मजबुरी, तिची एका सोन्याच्या नाण्याची आस, धाकट्याच्या मृत्यूनंतर गाव सोडण्याचा तिचा निर्णय. पुढच्या दोन भागांत तशी एकही स्त्री उरत नाही. अनिता दाते यांनी विनायकाच्या पत्नीला मोजक्या प्रसंगांतही ठसठशीत केले आहे, पण ती दाराच्या चौकटीतच राहते, आणि त्याने ठेवलेली दुसरी स्त्री तर निव्वळ त्याच्या ऐश्वर्याची खूण ठरते. ज्या गोष्टीची सुरुवात एका म्हातारीच्या भुकेपासून होते, तिच्यात या बायकांना काय हवे होते, हे पटकथेने विचारायलाच हवे होते.