नाणेघाटातला रांजण आणि जुन्नरचा घोडा

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्नरहून पश्चिमेला निघून घाटघर मागे टाकलं की पठार एकदम संपतं. दोन कड्यांच्या मध्ये एक चिंचोळी खिंड उरते आणि तिच्यातून दगडी वाट खाली कोकणात, वैशाखऱ्याच्या बाजूला उतरते. हा नाणेघाट. त्याच्या माथ्यावर एक भला थोरला दगडी रांजण आहे. तिथे जाणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर फोटो काढतो आणि कुणी ना कुणी माहिती पुरवतोच, की हा जकातीचा रांजण, सातवाहनांच्या काळात व्यापारी यात नाणी टाकत. मीही ही गोष्ट रंगवून सांगितलेली आहे. अलीकडे जरा जपून सांगतो.

कारण रांजणाजवळच लेणं आहे आणि लेण्यात भला मोठा शिलालेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सातकर्णीची राणी नागनिका हिच्या नावाशी तो जोडला जातो. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणा यांची ती यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी. जकातीबद्दल त्यात एक शब्द नाही. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या, त्यांची नावं वर कोरलेली आहेत. प्रतिमा गेल्या, खाली पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या.

मला त्या लेखातले आकडे सगळ्यात मोलाचे वाटतात. 24,400 कार्षापण, अशी एक दक्षिणा आहे. हा आकडा कोरणाऱ्याकडे शून्य नव्हतं. त्याने हजाराच्या चिन्हाला विसाचं चिन्ह जोडून वीस हजार केले, मग पुन्हा हजाराला चाराचं चिन्ह जोडलं, मग शंभराला चाराचं. वाचणाऱ्याने मनात बेरीज करायची. भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत याची गणना होते, आणि एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी या आकड्यांवर बसून काम केलं. आता हा लेख कधीचा? लेखात शक-संवत असं काही नाही, त्यामुळे अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवावा लागतो. आधीच्या विद्वानांनी तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेला, पुढच्यांनी शंभरेक वर्षं अलीकडे ओढला. एका अक्षराची मान गोल की टोकदार, यावरून एका राजघराण्याची वंशावळ मागेपुढे सरकते. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल, पण दुसरं साधन हाताशी नसतं तेव्हा हेच करावं लागतं.

मग व्यापार होता हे कशावरून? त्यासाठी लेण्यातून बाहेर पडावं लागतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने समुद्रमार्गांची माहिती लिहून ठेवली आहे. त्यात कल्याण बंदर येतं, म्हणजे या घाटवाटेचं कोकणातलं टोक. तो म्हणतो, थोरल्या सारगनाच्या, म्हणजे बहुधा सातकर्णी नावाच्या सातवाहन राजाच्या वेळी हे रीतसर व्यापाराचं ठिकाण होतं. सत्ता बदलल्यावर अडथळे आले, आता तिथे चुकून गेलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. राज्यशास्त्राच्या माणसाला हे वाक्य लगेच कळतं. बंदर तेच, समुद्र तोच, पण प्रतिस्पर्ध्याचा महसूल तोडायचा म्हणून नाकेबंदी. गुजरातेतलं भडोच सातवाहनांचा प्रतिस्पर्धी असलेल्या नहपान या क्षत्रप राजाच्या ताब्यात होतं, आणि त्या झगड्याचा शेवट 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला सापडला. नहपानाची 13 हजारांहून जास्त चांदीची नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. नाणी वितळवून नवी पाडायची तसदी घेतली नाही. नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर उमटवला, तो असा, की खालचं नाक आणि गाल अजून दिसतात. जिंकल्याची बातमी गावोगाव पोचवायला याहून सोपा मार्ग नव्हता.

आता मधली तेराशे-चौदाशे वर्षं मी सरळ उडी मारून जातो, कारण मला जुन्नरचा घोडा गाठायचा आहे.

पंधराव्या शतकात, बहमनी राज्यात, अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन कोकणातल्या चौल बंदरात उतरला. विकायचा म्हणून. जुन्नरला पोचला तो पावसाळ्यात. त्याने लिहून ठेवलंय की चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, आणि याच दिवसांत इथले लोक नांगरतात, पेरतात. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. अट घातली की धर्म बदल, तर घोडाही देतो आणि वर हजार मोहरा. नाही तर घोडा गेलाच, हजार मोहरा तुझ्याकडून घेईन. चार दिवसांची मुदत. शेवटी ख्वाजा महंमद नावाच्या एका खुरासान्याने, म्हणजे इराणकडून आलेल्या माणसाने, रदबदली केली आणि घोडा सुटला.

मध्ययुगाचा अभ्यासक यात दरबारातले परदेशी सरदार आणि त्यांचं वजन बघतो. राज्यशास्त्राचा माणूस म्हणेल, दख्खनेत चांगला घोडा पैदा होत नव्हता, घोडा म्हणजे युद्धसामग्री, खानाला तो हवाच असणार. दोघांचंही खरं. पण एक गोष्ट भूगोलवाल्याशिवाय कुणाच्या ध्यानात येत नाही. चौल ते जुन्नर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. निकितीन आपल्या प्रवासाचे दिवस मोजून देतो आणि ते तीन आठवड्यांहून जास्त भरतात. इतके दिवस लागले कुठे?

याचं उत्तर सह्याद्रीच्या आकारात शोधावं लागतं. पूर्वेकडचा उतार सौम्य. इथे उगम पावणारी कुकडी नदी घोड नदीला मिळते, घोड भीमेला, आणि ते पाणी निवांत बंगालच्या उपसागराकडे जातं. पश्चिमेकडचे ओढे मात्र आखूड आणि तीव्र उताराचे. ते कडा खात खात पूर्वेकडे सरकतात. म्हणून या बाजूला चढायच्या जागा मोजक्याच. माणूस कुठूनही चढेल. पण लादलेला बैल? आणि महागाचा घोडा, पाय मोडला तर सगळं भांडवलच गेलं असा? त्याला लांबचा, सावकाश चढणारा घाट शोधावा लागणार, पाऊस असेल तर मुक्काम वाढणार.

म्हणून आता मला निकितीनची वाट नकाशावर पेन्सिलीने आखण्यापेक्षा एखाद्या घोडेवाल्याला सोबत घेऊन दोन-तीन घाट चढून बघायचे आहेत. नाणेघाटापासूनच सुरुवात करीन. त्या दगडी पायऱ्यांवर खूर ठरतो का, एवढंच आधी पाहायचंय.

नमस्कार.