आजवर निभावलं

[दृश्य: निळं पाणी. माणूस दिसत नाही. फक्त श्वास ऐकू येतो; आत घेतलेला, मग बुडबुड्यांचा.]

पहिल्या चाळीसेक स्कूबा डाइव्ह, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन मारलेल्या बुड्या, मी कुणाकडेही रीतसर न शिकता केल्या. साहित्य एका मित्राचं होतं, आणि त्यालाही दुसऱ्या मित्रानेच दाखवलेलं. सिलिंडर कसा जोडायचा, सिलिंडरमधली हवा पुरवणारा रेग्युलेटर तोंडात कसा धरायचा, कान दुखायला लागले की नाक दाबून हवा कशी ढकलायची, एवढं त्याने किनाऱ्यावर वीस मिनिटांत सांगितलं. बाकीचं मी व्हिडिओ पाहून शिकले. मला छान जमतही होतं. मासे दिसत होते, भीती गेली होती, हवा इतरांपेक्षा जास्त वेळ पुरत होती. कुणी प्रशिक्षणाचा विषय काढला की माझं उत्तर ठरलेलं असे: आजवर काही झालं नाही ना?

हे उत्तर देणारे पुष्कळ आहेत. ती माणसं बेफिकीर नसतात. पाण्यावर मनापासून प्रेम असतं त्यांचं, आणि कष्टाने कमावलेला अनुभव त्यांच्या गाठीशी असतो. म्हणूनच हा प्रश्न झटकून टाकावासा वाटत नाही. ज्याला पाण्याखाली जाता येतंच, त्याने पुन्हा शिकायला का बसायचं?

[दृश्य: पोहण्याचा तलाव. दोन मीटर पाणी. फरशीवर गुडघे टेकून समोरासमोर बसलेले दोघं.]

एका प्रशिक्षकाने मला तलावात उतरवलं आणि खूण केली: मास्क काढ. पूर्ण काढ, हातात धर, पुन्हा घाल.

चाळीस डाइव्हमध्ये मी मास्क पाण्याखाली कधी काढलाच नव्हता. काढायची वेळच आली नव्हती. मी तो उचलला, गार पाणी डोळ्यांवर आलं, नाकात शिरलं आणि घसा आपोआप आवळला. रेग्युलेटर तोंडात होता, हवा येत होती. तरी मी श्वास घट्ट धरला, पायांनी फरशीला रेटा दिला आणि वर निघाले. खांद्यावर एक हात पडला. प्रशिक्षकाने मला तिथेच धरून ठेवलं, दुसऱ्या हाताने स्वतःच्या तोंडातून निघणारे बुडबुडे दाखवले. सोड. श्वास सोड.

दोन मीटर म्हणजे माझ्या डोक्यावर हातभर पाणी. तिथून वर यायला दोन सेकंद लागली असती. ती दोन सेकंद किती महाग पडू शकतात हे मला वर आल्यावर कळलं.

[दृश्य: तोंड बांधलेला फुगा पाण्यातून वर सोडला आहे. वर येता येता फुगतो.]

समुद्रसपाटीला आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो. दहा मीटर खाली तो दोन होतो, वीस मीटरवर तीन, तीसवर चार. रेग्युलेटर आपल्याला भोवतालच्या दाबाचीच हवा देतो. दहा मीटरवर छातीभर श्वास घेतला आणि तो धरून वर आलं, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुफ्फुसांकडे तेवढी जागा नसते. नाजूक पडदे फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि थेट मेंदूपर्यंत पोचू शकतात. दाब पटीत मोजला तर सर्वांत मोठा फरक पडतो तो पृष्ठभागाजवळच्या पाण्यात. भरलेल्या फुफ्फुसांनी जेमतेम सव्वा मीटरवरून वर येतानाही अशी इजा होऊ शकते. म्हणजे तलावातसुद्धा.

‘श्वास कधीही रोखू नका’ हा स्कूबाचा पहिला नियम. तो मला पाठ होता, विचारला असता तर झोपेतही सांगितला असता. पण नाकात पाणी गेल्यावर शरीराने जे केलं, त्याला तो नियम ठाऊकच नव्हता.

पाण्यात पडलं की पोहता येतं, असं आपण म्हणतो. पोहण्यापुरतं ते बरंचसं खरंही आहे, कारण तिथे चूक लगेच कळते. हात चुकला की नाकातोंडात पाणी. स्कूबाची गोष्ट निराळी. साहित्य इतकं चांगलं झालं आहे की काहीच न येणारा माणूसही पहिल्या पाच मिनिटांत पाण्याखाली श्वास घ्यायला लागतो. आणि चुका गप्प बसतात. श्वासातल्या हवेतून शरीरात मुरलेला नायट्रोजन दिसत नाही, जाणवत नाही. जास्त वेळ खाली राहून भराभर वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात, आणि सांधे दुखायला किंवा हातपाय बधिर व्हायला कधी कधी काही तास जातात. तोवर माणूस घरी जेवून झोपलेला असतो. अनेकदा तर चूक करूनही काहीच होत नाही, आणि तीच चूक सवय बनते.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. साधा मास्क, पाठीवर सिलिंडर.]

इथे एक युक्तिवाद हमखास येतो: कुस्तोला कुणी शिकवलं होतं? झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये अ‍ॅक्वालंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचं उपकरण तयार केलं, तेव्हा शिकवणारं कुणीच नव्हतं. सगळे स्वतःच शिकत होते. त्यांच्यातलाच मोरिस फार्ग, फ्रेंच नौदलाचा कसलेला पाणबुड्या, १९४७ साली किती खोल जाता येतं हे पाहायला उतरला. खोली दाखवणाऱ्या पाटीवर त्याने १२० मीटरवर सही केली. वर आला तो बेशुद्ध. तो वाचला नाही.

स्कॉटलंडमध्ये जन्मलेले शरीरशास्त्रज्ञ जॉन हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं मांडली, ती १९०८ साली. आज पहिल्याच कोर्समध्ये सांगतात की मिनिटाला साधारण नऊ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नका, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा, डाइव्हनंतर लगेच विमानात बसू नका. हे आकडे कुणाच्या तरी शरीराने मोजलेले आहेत. ते नव्याने मोजायला माझं शरीर कशाला हवं?

[दृश्य: पाण्याखाली आडवी तरंगणारी डायव्हर. कॅमेरा तिच्या कमरेवरच्या पट्ट्यावर.]

मास्कचं झाल्यावर त्या प्रशिक्षकाने मला काहीही न शिकवता एक पूर्ण डाइव्ह नुसतं पाहिलं. वर आल्यावर दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली, माझ्या पट्ट्यात चार किलो वजन जास्त होतं. खाली जाता येत नाही म्हणून मी कधीतरी ते वाढवलं होतं, आणि मग जड होते म्हणून तरंगण्यासाठीच्या जॅकेटमध्ये हवा भरत होते. ती हवा वर येताना फुगते आणि माणसाला खेचून नेते. वजन कसं तपासायचं हे मला माहीतच नव्हतं. जॅकेट रिकामं करून, श्वास धरून पृष्ठभागावर उभं राहायचं. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं, आणि श्वास सोडला की हळूच खाली जायला हवं. त्यातही सिलिंडरमधल्या हवेला स्वतःचं वजन असतं. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने, म्हणजे समुद्रसपाटीच्या साधारण दोनशे पट दाबाने भरलेली हवा जवळपास तीन किलो भरते. ती संपत जाते तसे आपण हलके होतो, म्हणून तपासणी सिलिंडर रिकामा होत आल्यावरची हवी.

दुसरी गोष्ट ऐकून मी हबकले. माझी हवा जास्त पुरत होती, कारण मी दोन श्वासांच्या मध्ये थांबत होते. श्वास वाचवत होते. जिचा मला अभिमान होता, ती धोकादायक सवय निघाली. त्याने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. डाइव्हनंतर माझं डोकं नेहमी दुखायचं आणि मी उन्हाला दोष द्यायचे.

स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत. व्हिडिओ आपल्याला दाखवतो, आपल्याला पाहत नाही. ते दुसऱ्याच माणसाला करावं लागतं, पाण्याखाली, हाताच्या अंतरावरून.

[दृश्य: सिलिंडरमधली उरलेली हवा दाखवणारा गेज. काटा हळूहळू लाल भागाकडे.]

बारा लिटरच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये २,४०० लिटर हवा असते. मिनिटाला वीस लिटर धरले तर पृष्ठभागावर ती दोन तास पुरेल. वीस मीटरवर चाळीस मिनिटं. आणि घाबरलेल्या माणसाला त्याहून कितीतरी कमी. त्या क्षणी जोडीदाराचा दुसरा रेग्युलेटर कुठे लटकतो आहे, आपल्या वजनाच्या पट्ट्याची कडी कोणत्या हाताने सुटते, हे हाताला आठवावं लागतं. पाण्याखाली दगावलेल्या अनेक डायव्हरांच्या कमरेला, संकटात वर येण्यासाठी सोडून द्यायचा तो पट्टा तसाच बांधलेला सापडतो.

प्रशिक्षणानंतर मिळणाऱ्या कार्डाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. पहिलं प्रमाणपत्र तीन-चार दिवसांत मिळतं, सहसा अठरा मीटरपर्यंतचं. तेवढ्यात कुणी पट्टीचा डायव्हर होत नाही. घाईघाईने उरकलेले कोर्सही असतात, जिथे एकदा मास्क काढून घातला की खूण होते आणि पुढचा विद्यार्थी येतो. कार्ड म्हणजे कवच नव्हे. अमेरिकेत स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत शास्त्रज्ञांना डायव्हिंग शिकवण्याची पद्धत घालून देणारे कॉनरॅड लिंबॉ १९६० साली फ्रान्समधल्या पोर्त-मिऊच्या पाण्याखालच्या गुहेत गेले, ते परतले नाहीत. तरीही माझं मत पक्कं आहे: स्वतः शिकलेल्या प्रत्येकाने प्रशिक्षण घ्यावं, आणि कार्डासाठी घाई करणारा प्रशिक्षक सोडून आपल्याला पाहायला वेळ देणारा शोधावा. आधीचा अनुभव वाया जात नाही. पाण्यात शांत राहणं मला येतच होतं. त्यामुळे बाकीचं लवकर बसलं. आणि पहिल्याच दिवशी भरायला लागणारा आरोग्याचा तक्ता, दमा, हृदय, कानाचे जुने आजार, तो मला इतकी वर्षं कुणी विचारलाच नव्हता.

[दृश्य: खुलं पाणी. खालून वर पाहताना पृष्ठभागाची चमक. एक दोरी सरळ वर गेलेली.]

शेवटच्या दिवशीचा सराव हवा संपल्याचा होता. खोली नऊ मीटर. एक श्वास घ्यायचा आणि दुसरा न घेता, दोरीच्या कडेने, वरपर्यंत जायचं. रेग्युलेटर तोंडातच, आणि सगळी वाट ‘आ’ म्हणत राहायचं, म्हणजे हवा बाहेर पडत राहते. मला खात्री होती की अर्ध्यात दम संपेल.

मी निघाले. आऽऽ. प्रशिक्षक समोर, एक हात माझ्या जॅकेटला. सहा मीटर. अजून आवाज निघत होता. तीन मीटर. छाती रिकामी व्हायला हवी होती. पण खाली घेतलेला तो एकच श्वास वर येता येता फुलत होता, जितका सोडत होते तितका भरत होता. शेवटी डोकं पाण्याबाहेर आलं, तेव्हाही माझ्या तोंडून ‘आ’ चालूच होतं.

[आवाज: ‘आ’ – पाण्याखालून दबका, मग उघड्या हवेत मोकळा.]