विषमता: कशाची, कोणाकोणात, कोणी केलेली?

'उंची वाढली' असं कुणी म्हटलं की आपण लगेच विचारतो, कुणाची? 'विषमता वाढली' म्हटलं की मात्र मान डोलावतो. वास्तविक दुसरं वाक्य पहिल्याइतकंच अपुरं आहे. अमर्त्य सेन यांनी १९७९ साली दिलेल्या एका गाजलेल्या व्याख्यानाचं शीर्षकच प्रश्नार्थक होतं: समता कशाची? या विषयातल्या प्रत्येक शब्दाला हा प्रश्न लावून पाहिला, की निम्मे वाद तिथेच मिटतात. उरलेले निम्मे खरे असतात.

आर्थिक विषमतेपुरतं बोलायचं तर 'कशाची'ची निदान तीन उत्तरं आहेत: खर्चाची, उत्पन्नाची, संपत्तीची. एकाच समाजात ही तिन्ही मोजली तर साधारणपणे खर्चातली विषमता सर्वांत कमी भरते आणि संपत्तीतली सर्वांत जास्त. ज्याचं उत्पन्न आटतं तो उसनवारी करतो, शिल्लक मोडतो, पण खातो. आणि ज्याच्याकडे भरपूर आहे तो सगळं खर्च करत नाही, साठवतो. म्हणून खर्चाचे आकडे दोन्ही टोकांना दबलेले दिसतात. संपत्तीचं उलट. कर्ज मालमत्तेपेक्षा जास्त असेल तर ती शून्याच्याही खाली जाते. आता एका देशाचा खर्चावरून काढलेला आकडा दुसऱ्या देशाच्या उत्पन्नावरून काढलेल्या आकड्याशेजारी ठेवला, तर ती तुलना नव्हे. तरीही ती सर्रास होते, कारण दोन्ही स्तंभांच्या डोक्यावर 'विषमता' हा एकच शब्द असतो.

हा आकडा बहुतेक वेळा गिनी गुणांक असतो. कोर्रादो गिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञानं तो १९१२ मध्ये मांडला. सगळ्यांना सारखं मिळत असेल तर शून्य, सगळं एकाच्याच हाती असेल तर जवळपास एक. एक छोटं उदाहरण करून पाहू. पाच माणसांचं उत्पन्न १०, २०, ३०, ४० आणि १००. एकूण २००, सरासरी ४०, मधल्या माणसाचं उत्पन्न, म्हणजे मध्यक, ३०. गिनी येतो ०.४०. दुसऱ्या गटात १५, १५, १५, ६५ आणि ९०. एकूण २००, सरासरी ४०, आणि गिनी पुन्हा बरोबर ०.४०. कागदावर दोन्ही समाज 'सारखेच विषम'. पण पहिल्यात पायरीपायरीनं वर जाता येईल अशी रचना आहे, दुसऱ्यात तिघं तळाशी एका रांगेत आणि मध्ये पन्नासचा खड्डा. मध्यक तीसवरून पंधरावर आला, म्हणजे मधला माणूस निम्म्यावर घसरला आणि गिनीला त्याची गंधवार्ता नाही. यात गिनीचा दोष नाही. एका आकड्यात पाच माणसं कोंबली की कुणीतरी चेंगरणारच. दोष 'विषमता जैसे थे' असा मथळा देणाऱ्याचा. शिवाय ०.४० ला 'चाळीस टक्के विषमता' म्हणणं निरर्थक आहे. चाळीस टक्के कशाचे?

आता 'दरी'. 'दरी रुंदावली' हा आपला लाडका वाक्प्रयोग. एकाला १०० मिळत होते, दुसऱ्याला १०००. दोघांचंही उत्पन्न दुप्पट झालं: २०० आणि २०००. फरक ९०० होता, तो १८०० झाला, दरी दुप्पट. प्रमाण मात्र तेव्हाही दहा पट होतं, आताही दहा पटच. दोन्ही विधानं खरी आहेत, आणि वक्ता आपल्या सोयीचं उचलतो. 'दरी'ऐवजी 'फरक इतका' किंवा 'इतके पट' म्हटलं की ही पळवाट बंद होते. दरी या शब्दाची आणखी एक गंमत म्हणजे दरी निसर्ग करतो. ती कुणी खणल्याचं आपण ऐकत नाही.

माणसांसाठीच्या शब्दांत हाच प्रश्न, 'कुणी केलं?', व्याकरणात दडून बसतो. 'मागासलेला' म्हणजे जो स्वतःच मागे पडला. क्रिया त्याची, जबाबदारीही जणू त्याचीच. 'वंचित' हे मात्र कर्मणी रूप आहे. मूळ धातू वञ्च्, फसवणे. 'वंचना' या शब्दात तो अजून जिवंत आहे. वंचित म्हटलं की वंचित करणारा वाक्यात नसला तरी अर्थात हजर होतो. 'दुर्बल'मध्ये तो नाही, तिथे उणीव थेट माणसाच्या अंगाला चिकटते. 'उपेक्षित'मध्ये पाहणाऱ्याची नजर आहे, जी फिरवली गेली. एकाच माणसाला आपण हे चारही शब्द लावतो, जणू ते पर्यायी आहेत. ते तसे नाहीत. आणि 'गरीब'? अरबीतून आलेला हा शब्द मुळात परक्यासाठी, उपऱ्यासाठी होता. मराठीत त्याला 'गरीब गाय'मधला सोशिकपणाही चिकटला. उलट 'श्रीमंत' ही नावाआधी लावायची पदवी झाली. पैसा नसणाऱ्याकडून आपण निमूटपणाची अपेक्षा करतो, असणाऱ्याला आदर देतो, हे या दोन शब्दांत आधीच ठरून गेलेलं आहे.

'समानता' आणि 'समता' यांचाही घोळ आहे. समानता म्हणजे सारखेपणाही. दोन चित्रांत समानता असू शकते, समता नाही. त्यामुळे 'असमानता' म्हटलं की 'माणसं सारखी नसतातच' हे उत्तर तयार असतं. ते उत्तर वेगळेपणाबद्दल आहे, विषमतेबद्दल नाही.

सर्वांत जास्त गोंधळ 'विषमता' आणि 'भेदभाव' यांच्यात. विषमता ही मोजलेली स्थिती, भेदभाव ही कृती. समजा बातमी आहे, 'स्त्रियांना पुरुषांपेक्षा १८ टक्के कमी पगार'. एक बाजू म्हणते, हा भेदभाव. दुसरी म्हणते, समान पदावरच्या लोकांची तुलना करा, तफावत आक्रसते. आक्रसते हे खरं. पण बढती नाकारणं हाच भेदभाव असेल, तर पदानुसार तुलना करताक्षणी तो गणितातून गळून पडतो. म्हणून बातमीतल्या १८ ला आधी विचारायचं: सरासरी की मध्यक, ताशी की मासिक, अर्धवेळ कामगार धरून की वगळून? मासिक पगार घेतला तर अर्धवेळ काम करणाऱ्यांचे कमी तास तफावतीत मोजले जातात. ताशी दर घेतला तर ते तास दिसेनासे होतात. घरी बिनपगारी केलेले तास तर दोन्हीकडे नाहीत.