नाणी चार, रुपये किती?

(दृश्य: स्टीलच्या ताटात पसरलेली चिल्लर)

पाचचं एक नाणं आणि रुपयाची तीन नाणी समोर ठेवून ‘जास्त पैसे कुठे?’ असं विचारलं, तर पहिलीतली बरीच मुलं तीन नाण्यांकडे बोट दाखवतात. साहजिक आहे. चिंचोके मोजताना एक चिंचोका म्हणजे एकच असतो. नाण्यांना हा हिशेब लागू पडत नाही.

त्यात आपली नाणीही फसवी. २०११च्या मालिकेत दोन रुपयांचं नाणं २५ मिलिमीटरचं, पाचचं २३. २०१९च्या मालिकेत नेमकं उलट. दोन्ही चलनात आहेत, एकाच डब्यात येतात. तेव्हा ‘मोठं नाणं, जास्त पैसे’ असं चुकूनही सांगू नका. आकडा वाचायला लावा. सिंहाची बाजू वर आली की मूल अडतं. नाणं उलटून बघायची सवय तिथेच लागते.

हल्ली सगळे फोनवरून पैसे देतात, त्यामुळे घरात सुट्टे नसतात. भाजीवाल्याकडून चाळीस रुपयांची मोड आणा: रुपयाची दहा, दोनची पाच, पाचची चार. पाचची पिवळसरच निवडा. जुनं जाडजूड पांढरं नाणं सध्या बाजूला राहू द्या.

सुरुवातीला ताटात फक्त रुपया आणि पाच. पाच सुटे द्यायचे, एक पाचचं घ्यायचं. ‘माझी नाणी कमी झाली’ ही कुरकुर थांबेपर्यंत बेरजेकडे वळायचं नाही.

(दृश्य: मुलीचं बोट नाण्यांवरून सरकतं)

मोजणी नेहमी मोठ्या किमतीपासून. पाच… मग दोनच्या नाण्यावर बोट दोनदा टेकवून सहा, सात… मग रुपये: आठ, नऊ, दहा.

गाडी घसरते ती नाणं बदलताना. पाच, दहा म्हणत आलेलं मूल रुपयाला हात लावतं आणि ‘पंधरा’ म्हणून मोकळं होतं, नाहीतर पुन्हा ‘एक’पासून सुरू करतं. म्हणून दोन गटांत बोटभर जागा सोडा. तिथे थांबून मोठ्याने म्हणायला लावा: ‘दहा झाले. आता रुपये.’ बेरीज विसाच्या आत ठेवली की पुष्कळ.

मग दुकान. सात रुपयांची वही कशी घेशील? एक, दोन आणि पाचची नाणी वापरून याच्या सहा तऱ्हा होतात. सगळ्या शोधायला अर्धा तास सहज जातो. दुकानदार झालेल्या मुलाला वजाबाकी यायलाच हवी असं नाही. दहा आले, वही सातची. एकेक रुपया गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवत ‘आठ, नऊ, दहा’.

दहा आणि वीसची नाणी शेवटी. दोन्ही दुरंगी, दोन्ही २७ मिलिमीटरची. दहाचं गोल, बाहेरची कडा पिवळी. वीसचं बारा कोनांचं, कडा पांढरी. डोळे मिटून कडेवरून बोट फिरवलं तरी ओळखू येतं.

घरात रांगतं बाळ असेल तर खेळ संपल्यावर नाणी मोजूनच डब्यात भरा. एखादं कमी भरलं तर आधी बाळाचं तोंड बघा, मग पलंगाखाली.