जैसे थे: शांतिसेना नेमकं काय राखते?

[दृश्य: नळदुर्ग. बोरी नदीवरचा पूल, मागं किल्ल्याची तटबंदी.]

13 सप्टेंबर 1948. सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेनं पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला. पाचव्या दिवशी, 17 तारखेला, निजामानं शरणागती पत्करली. मराठवाड्यात त्या तारखेला झेंडावंदन होतं, शाळाशाळांतून भाषणं होतात. त्या भाषणांत सहसा येत नाही अशी एक गोष्ट आहे. फौजा संस्थानात शिरल्या तेव्हा हैदराबादचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढं होता. निजाम सरकारनं ऑगस्टमध्येच तक्रार पाठवली होती. 16 सप्टेंबरला पॅरिसमध्ये बैठक बसली, दुसऱ्या दिवशी इकडं सगळं आटोपलं, आणि 22 तारखेला निजामानं तक्रार मागं घेतल्याचं कळवलं. तरी परिषदेच्या यादीत तो विषय पुढं कित्येक दशकं पडून राहिला.

त्याआधी, 29 नोव्हेंबर 1947 रोजी, भारत आणि हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला होता. वाद झाला तर लवाद नेमायची तरतूद त्यात होती. नव्हतं ते एवढंच, की सीमेवर उभं राहून रोजचं रोज लिहून ठेवणारं तिसरं कुणी. रझाकार सीमेवरच्या गावांत धाडी घालत होते, विमानानं चोरून शस्त्रं येत होती. निजाम सरकार म्हणत होतं, भारतानं आर्थिक नाकेबंदी केली. दोघंही पत्रं लिहीत राहिले. वर्ष पुरं व्हायच्या आत करार संपला.

शांतिसेनेचं मूळ काम त्या मोकळ्या जागेतलं आहे. बघणं, मोजणं, नोंदवणं, आणि दोन्ही बाजूंना त्याच दिवशी विचारणं.

[दृश्य: भूमध्य समुद्राचा नकाशा. सायप्रस बेटावर आडवी पट्टी उमटते.]

हे काम सर्वांत जास्त काळ जिथं चाललं आहे त्या जागांपैकी एक म्हणजे सायप्रस. बेटावर ग्रीक आणि तुर्की असे दोन समाज. 1960 मध्ये ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळालं, 1963 च्या डिसेंबरात दंगली पेटल्या, मार्च 1964 मध्ये सुरक्षा परिषदेनं शांतिसेना धाडली. तिचे पहिले सेनापती भारताचे लेफ्टनंट जनरल ग्यानी. त्यांच्यामागून जनरल थिमय्या आले. डिसेंबर 1965 मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं. 1974 च्या जुलैत ग्रीसच्या लष्करी राजवटीनं तिथं बंड घडवलं, पाचच दिवसांत तुर्कस्ताननं फौज उतरवली. तेव्हाचे सेनापतीही भारतीयच होते: प्रेमचंद. दोन्ही फौजांना हवा असलेला निकोसियाचा विमानतळ त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षणाखाली आणला. तिथली प्रवासी वाहतूक पुन्हा कधी सुरू झाली नाही.

16 ऑगस्ट 1974 च्या संध्याकाळी गोळीबार थांबला, तेव्हा ज्याचं ठाणं जिथं होतं तिथंच ते गोठलं. दोन ठाण्यांमधली जागा म्हणजे आजची पट्टी: उत्तरेला तुर्की बाजू, दक्षिणेला ग्रीक. लांबी सुमारे 180 किलोमीटर. जुन्या निकोसियात ती जेमतेम एका गल्लीएवढी अरुंद आहे, माळरानावर सात किलोमीटरपर्यंत रुंद. मात्र पूर्ण पट्टीचा दोन्ही बाजूंनी सह्या केलेला नकाशा नाही. कित्येक भांडणांचं मूळ इथंच. एक बाजू म्हणते ठाणं आमच्या हद्दीत आहे, दुसरी म्हणते चार पावलं पुढं आलंय.

पट्टी ओसाड नाही. दहा हजारांहून जास्त लोक तिच्यात राहतात किंवा कामाला येतात. शेती करायची तर शांतिसेनेचा परवाना लागतो. दरवर्षी सुमारे हजार घटना नोंदल्या जातात: शिवीगाळ, दगड, परवान्याशिवाय शिरणं, कधी गोळी. ठाण्यावर वाळूची चार पोती वाढली तरी त्याची नोंद होते. बाहेरून हा कारकुनीपणा वाटतो. पण चार पोत्यांना उत्तर म्हणून पलीकडं आठ पोती येतात, मग भिंत, मग मशीनगन. पहिल्या चार पोत्यांपाशीच अधिकाऱ्यानं जाऊन ती उतरवायला लावायची असतात.

सैनिकाच्या हातात फार काही नसतं. तीन तत्त्वं पाळायची: दोन्ही बाजूंची संमती, निःपक्षपात, आणि स्वसंरक्षण किंवा दिलेलं काम राखण्यापलीकडं बळाचा वापर नाही. संयुक्त राष्ट्रांची स्वतःची फौज नाही. देश सैनिक देतात, आणि संयुक्त राष्ट्रं दरडोई दरमहा सुमारे 1,400 डॉलर त्या देशाच्या सरकारला देतात. सायप्रसमध्ये 1964 साली सहा हजारांवर सैनिक होते, आता आठशेच्या आसपास.

हे कुठं तुटतं? ऑगस्ट 1996 मध्ये देरिनियाजवळ ग्रीक बाजूचे निदर्शक पट्टीत घुसले आणि तीन दिवसांच्या अंतरानं दोन तरुण मारले गेले. निःशस्त्र जमाव पुढं लोटला की थोड्या सैनिकांची साखळी त्याला रोखू शकत नाही. जमाव आपल्या बाजूच्या पोलिसांनीच आधी अडवावा लागतो. ऑगस्ट 2023 मध्ये पिला गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावरून पेटलं. पट्टीतल्या या गावात दोन्ही समाज राहतात. तुर्की बाजूनं परवानगीविना रस्त्याचं काम काढलं, शांतिसेनेनं वाहनं आडवी लावली, ती बुलडोझरनं ढकलली गेली आणि सैनिकांना मारहाण झाली. गोळी कुणी झाडली नाही. त्यानंतर त्या रस्त्याबद्दल पुन्हा बोलणी बसली.

[दृश्य: जाफना द्वीपकल्पाचा नकाशा.]

संमती नसली तर काय होतं, हे भारतानं श्रीलंकेत पाहिलं. 29 जुलै 1987 चा करार भारत आणि श्रीलंका या दोन सरकारांत झाला. शस्त्रं ठेवायची होती तमिळ वाघांनी, 72 तासांत, आणि करारावर त्यांची सही नव्हती. ऑक्टोबरपर्यंत भारतानं धाडलेली शांतिसेना त्यांच्याशीच लढत होती. मार्च 1990 मध्ये ती परतली तेव्हा सुमारे 1,200 भारतीय जवान गेले होते. ती सेना संयुक्त राष्ट्रांची नव्हती, पण धडा सगळ्यांच्या प्रशिक्षणाचा आहे.

[दृश्य: निकोसियाची जुनी वस्ती. पिंपांनी बंद केलेली गल्ली.]

राजकीय बोलणी अडलेली असतानाही काही कामं थांबत नाहीत. शहर दोन झालं, पण जमिनीचा उतार एकच राहिला. दक्षिणेचं सांडपाणी उत्तरेकडं वाहणार, शुद्धीकरण केंद्रही तिकडंच. 1978 मध्ये दोन्ही बाजूंचे महापौर, लेलोस देमेत्रियादेस आणि मुस्तफा अकिंजी, यांनी ते चालवायचं ठरवलं. एकमेकांच्या पदाला मान्यता देण्याचा मुद्दा त्यांनी बाजूला ठेवला. पुढं अकिंजी तुर्की सायप्रसवासीयांचे नेते झाले आणि वाटाघाटीला बसले.

दुसरं काम बेपत्ता लोकांचं. त्यासाठी 1981 मध्ये समिती ठरली आणि तिची यादी 2,002 नावांची: 1,510 ग्रीक, 492 तुर्की. समिती अवशेष शोधते, डीएनए जुळवते, घरच्यांच्या हवाली करते. मृत्यू कसा झाला, कुणी केला, हे ती ठरवत नाही. ही अट अनेक कुटुंबांना झोंबते, पण तिच्याशिवाय साक्षीदार तोंड उघडत नाहीत. मराठवाड्यात रझाकारांच्या बळींच्या आठवणी जपल्या जातात. पोलीस कारवाईनंतर, म्हणजे 1948 च्या त्या लष्करी मोहिमेनंतर, मुसलमानांवर जे झालं त्याबद्दल भारत सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं 27 ते 40 हजार मृत्यूंचा अंदाज दिला होता. उस्मानाबाद आणि नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत होते. दोन्हीकडच्यांनी मिळून मान्य केलेली नावांची यादी इथं झाली नाही.

[दृश्य: मतपेट्या. एप्रिल 2004.]

आता वाटाघाटीचं टेबल. सायप्रसच्या बोलण्यांचा नियम असा की सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलेलं नाही. त्यामुळं माणूस सवलत देऊन बघू शकतो, पण शेवटचा एक मुद्दा अडला की आधीचे सगळे वाया. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांचा बेट पुन्हा एक करण्याचा आराखडा कायद्यांसकट सुमारे 9,000 पानांचा झाला. 24 एप्रिल 2004 च्या सार्वमतात तुर्की बाजूच्या 65 टक्के लोकांनी होकार दिला, ग्रीक बाजूच्या 76 टक्क्यांनी नकार. आठवड्यानं, 1 मे रोजी, सायप्रस युरोपीय संघात जाणार हे आधीच पक्कं होतं. नकारानं काही बुडणार नाही, हे ग्रीक मतदाराला माहीत होतं. माझ्या मते आराखड्यातल्या कुठल्याही कलमापेक्षा ही तारीख जास्त महागात पडली. 2017 मध्ये स्वित्झर्लंडच्या क्राँ-मोंतानात पुन्हा जवळ आलं आणि तुर्की फौज आणि हमीदार देशांचा (ग्रीस, तुर्कस्तान, ब्रिटन) हस्तक्षेपाचा हक्क यांवर फिसकटलं.

उत्तर आयर्लंडनं दुसरी वाट धरली होती. 10 एप्रिल 1998 च्या करारात महत्त्वाच्या निर्णयांना दोन्ही समाजांच्या पाठिंब्याची अट होती, पण सशस्त्र गटांनी शस्त्रं टाकण्याचा प्रश्न पुढं ढकलला. तो 2005 पर्यंत रेंगाळला, सरकार मध्येच कोसळलं, तरी करार टिकला.

[दृश्य: रिकामी घरं, मग नव्या इमारती.]

सायप्रसच्या टेबलावरचा सर्वांत चिवट विषय जमिनीचा आहे. 1974 मध्ये सुमारे एक लाख साठ हजार ग्रीक दक्षिणेकडं आले, चाळीस-पन्नास हजार तुर्की उत्तरेकडं गेले. मागं राहिलेल्या घरांत दुसरे राहू लागले. सातबारा एकाचा आणि कब्जा तिसऱ्या पिढीतल्या दुसऱ्याचा, असा हा गुंता आहे. तोडगे तीन: परत देणं, बदल्यात दुसरी जमीन, किंवा भरपाई. कुणाला कोणता, आणि आधी कोण निवडणार, मूळ मालक की राहणारा, यावर बैठकी अडतात. 2005 मध्ये उत्तरेत मालमत्ता आयोग नेमला गेला. मार्च 2010 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं तो ग्राह्य धरला आणि सांगितलं की इतक्या वर्षांत जमिनी हातोहात गेल्या आहेत, जुन्या मालकाला सरसकट ताबा देता येणार नाही. म्हणजे पट्टी जितकी शांत राहिली तितका जुना दस्त कच्चा होत गेला. निकालानंतर हजारो ग्रीक मालकांनी त्या आयोगाकडं अर्ज केले. बहुतेकांना जमीन नव्हे, रक्कमच मिळते, आणि तीही वेळेवर मिळत नाही.