कुर्ल्याचं १०८९ सीसी

कप्पीच्या साखळीला लटकलेलं हे प्रीमियर पद्मिनीचं इंजिन. कुर्ल्यात बनलेलं, मूळ रचना फियाटची. चार सिलिंडर, १०८९ सीसी, बोर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. निळा धूर दिसला, म्हणजे ऑइल जळायला लागलं, की सल्ला ठरलेला असतो, ‘काढून टाका, मारुती जिप्सीचं बसवा.’ आधी बोर तर मोजू.

डायल गेज, म्हणजे काट्याचं मापयंत्र, सिलिंडरमध्ये वर, मध्ये, खाली फिरतो, प्रत्येक ठिकाणी उभा नि आडवा. झीज सगळीकडे सारखी नसते. पिस्टनची वरची रिंग जिथून माघारी फिरते तिथे ती सर्वांत जास्त. तिथली ही कड नखाला लागते. बोर लंबगोल झाला असेल तर नुसत्या नव्या रिंगांनी धूर थांबत नाही. ओव्हरसाइझ, म्हणजे किंचित मोठे, पिस्टन आणायचे आणि ते हातात आल्यावरच, त्यांच्या मापाने, सिलिंडर कोरायचे, म्हणजे बोअरिंग करायचं. शेवटच्या ओव्हरसाइझपर्यंत आधीच कोरलेलं असेल तर स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, घालून पुन्हा ६८. ब्लॉक तोच, आरसीवरचा इंजिन नंबरही तोच.

होनिंगच्या, म्हणजे बोर शेवटी दगडाने घासण्याच्या, या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा ऑइल धरून ठेवतात. रिंग बोरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, बघायची: पाव मिलिमीटरच्या आसपास. फारच कमी असेल तर तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग तुटते.

क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, ग्राइंड होऊन आला, आणि घात होतो तो इथेच. ऑइलच्या भोकांत ग्राइंडिंगचा कीस बसलेला असतो. भोकांची बुचं काढून, ब्रश घालून, डिझेलने धुऊन, हवा मारून ती भोकं साफ केली नाहीत तर नवी बेअरिंगं पहिल्याच स्टार्टला ओरखडतात.

कोअर प्लग, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटेवरची बुचं, काढताच ब्लॉकमधून हा तांबडा गाळ पडला. इंजिन तापण्याचं खापर वर्षानुवर्षं रेडिएटरवर फुटत असतं, खरं कारण हा गाळ.

दुसरं इंजिन टाकायचं तर माउंटिंग नव्याने वेल्ड करा, प्रोपेलर शाफ्ट कापा, आरटीओची परवानगी काढा. इंजिन बदललं तरी ब्रेक मात्र जुनेच, चारही ड्रमचे. ५० वर्षांवरच्या गाड्यांची ‘व्हीए’, म्हणजे विंटेज, नोंदणीही इंजिनात फेरफार केलेल्या गाडीला नाही. मूळ इंजिनाला दिवस जास्त लागतात, सुट्या भागांसाठी फिरावं लागतं, हे खरं.

हेडचे नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळले. स्पार्क प्लग न लावता स्टार्टर फिरतोय. ऑइलचा लाल दिवा विझला, म्हणजे ऑइलचा दाब आला. आता प्लग लावा.