रस्सा आहे, गोदावरी नाही!

श्रोतेहो, नमस्कार.

राज्य नाट्य स्पर्धेचे वारे वाहू लागले की नाशकातल्या आम्हा हौशी मंडळींना विनोदी संहितेचे डोहाळे लागतात. आणि विनोदी प्रेमकथा म्हटली की हटकून एक तापट, एक थंड. तापटानं आदळआपट करायची, थंडानं निमूट ऐकायचं, मध्यंतरानंतर दोघांनी प्रेमात पडायचं. टाळ्या मिळतात, नाही असं नाही. पण या हिशेबात थंड माणसाचा राग कुणी मोजतच नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

सध्या माझ्या डोक्यात घोळतेय ती गोष्ट ऐका. ती पंचवटीत मिसळीचं हॉटेल चालवते. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर दही, पापड. गिऱ्हाइकानं तिसऱ्यांदा वाटी पुढे केली की पातेल्यावर डाव आपटून ओरडते, "रस्सा आहे, गोदावरी नाही!" पुढच्या मिनिटाला तीच वाटी काठोकाठ भरून देते. तो ग्रंथपाल. आवाज कधी चढवलेला नाही. रागावला की चहा पिऊन कप बशीत उपडा घालतो. उपडा कप दिसला की आई समजते, आता चार दिवस घरात चिठ्ठ्यांचं राज्य. "आमटीत मीठ कमी. कळावे."

हिला भावानं आणि त्याला बहिणीनं राग आवरायला शिकवणाऱ्या एकाच समुपदेशन वर्गात धाडलंय, आणि तिथे दोघांची जोडी लावतात. तो पहिल्याच दिवशी म्हणतो, "मला राग येत नाही, मी सोबत म्हणून आलोय." ती विचारते, "कुणाच्या सोबत?" इथून प्रेमाला सुरुवात.

या वर्गात काय चालतं, ते लेखकाला ठाऊक हवं. रेमंड नोवाको या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७५ साली रागावरच्या उपचाराची पद्धत मांडली. राग चढताना आपण मनातल्या मनात काय बोलतो ते पकडायचं, अंग सैल सोडायला शिकायचं, आणि डोकं फिरवणारा प्रसंग खोटा खोटा उभा करून त्यात वागून बघायचं. म्हणजे तालीमच की! नाटकवाल्याला आयतं मैदान. ग्रंथपालाला गिऱ्हाईक करा, तिला गल्ल्यावर बसवा, आणि वाटी पुढे करायला सांगा.

तिचं ठाम मत, राग ओकून टाकला की माणूस मोकळा होतो. आपणही असंच मानतो. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००२ मध्ये छापून आला. विद्यार्थ्यांच्या निबंधांवर मुद्दाम खवचट शेरे मारले. मग काहींना शेरा मारणाऱ्याला मनात आणून मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला लावलं, काहींना नुसतं दोन मिनिटं बसवलं. ठोसेवाले जास्त चिडलेले निघाले. डाव आपटणाऱ्या आमच्या नायिकेला हे पचणं कठीण, म्हणून पहिला अंक तिचा.

दुसरा अंक मात्र त्याचा, आणि माझा जीव तिथे आहे. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं जोडप्यांची भांडणं चित्रित केली, सोबत हृदयाचे ठोकेही मोजले. भांडणात जो भिंतीसारखा गप्प होतो, तो आतून शांत नसतो, बऱ्याचदा त्याचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेलेले असतात. आणि असे गप्प बसणारे बहुतेक पुरुषच. (आता घरोघरी कुणाकडे बघितलं जातंय, ते मला इथून दिसतंय.) गॉटमन म्हणतात, अशा वेळी निदान वीस मिनिटं थांबा, पण परत येऊन बोला. आपल्याकडचा अबोला इथेच घसरतो. थांबणं जमतं, परत येणं जमत नाही.

तापट नायिकेला गप्प बसवून पडदा पाडायचा, ही जुनी खोड मला मोडायची आहे. बाईनं आवाज खाली आणला म्हणजे प्रेम जिंकलं, असं दाखवायला माझा हात धजत नाही. तिनं थांबायला शिकावं, हे खरं. पण त्यानं बोलायला शिकावं, हे त्याहून अवघड, आणि रंगमंचावर त्याहून गमतीचं.

म्हणून शेवटचा प्रवेश असा. रविवारची सकाळ, हॉटेल तुडुंब. ग्रंथपाल पहिला घास घेतो. कप उचलतो, उपडा घालायला हात वळतो, थबकतो. आणि भर गिऱ्हाइकांत, आयुष्यात पहिल्यांदा ओरडतो, "अहो, मिसळ खारट झालीय!"

सगळं हॉटेल चिडीचूप. ती डाव उचलते, तो हळूच पातेल्यात ठेवते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. "वीस मिनिटांनी बोलते. तोवर गल्ल्यावर बसा, आणि तिसरी वाटी मागेल त्याला तुम्हीच सांभाळा."